कोणतं क्लाउड, हा प्रश्न सगळ्यांत शेवटी

वाचकाचं पत्र, थोडक्यात: भोसरी एमआयडीसीत आमचा वाहनांच्या सुट्या भागांचा कारखाना आहे. बाबा आणि काकांनी उभा केला. हिशेब आणि कॉम्प्युटरचं काम आता माझ्याकडे आलंय. ऑफिसात स्टेशनरीच्या कपाटाशेजारी आठ वर्षं जुना टॉवर सर्व्हर आहे. ईआरपी (खरेदी, स्टोअर, विक्रीचं सॉफ्टवेअर), टॅली आणि ड्रॉइंग्जचं फोल्डर सगळं त्यावरच. गेल्या महिन्यात एक डिस्क गेली आणि दोन दिवस चलानं हाताने लिहावी लागली. ईआरपी ३५ जण वापरतात, एका वेळी साधारण १४. डेटाबेस (मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर) ३८ जीबी, ड्रॉइंग्ज ६०० जीबी. आता टेबलावर क्लाउडची, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरची, तीन कोटेशनं आहेत: अ‍ॅमेझॉन, अ‍ॅझ्युअर (मायक्रोसॉफ्टचं) आणि गूगल. हिंजवडीत नोकरी करणारा आतेभाऊ म्हणतो, डोळे मिटून अ‍ॅमेझॉन घे. ईआरपीवाले म्हणतात अ‍ॅझ्युअर, कारण त्यांचं डेटा सेंटर पुण्यातच आहे, फास्ट चालेल. गूगलचं कोटेशन सगळ्यांत कमी. काका म्हणतात, नवा सर्व्हर आणा, आपला डेटा दुसऱ्याच्या घरात कशाला? निवड चुकली तर परत फिरता येणार नाही, याची भीती वाटते. कोणतं घेऊ?

तुम्ही डेटाबेसचा आकार आणि एका वेळी किती जण बसतात हे लिहिलंत, त्यामुळे मोघम उत्तर द्यावं लागणार नाही. आधी तुमच्या भीतीबद्दल बोलू. ३८ जीबीचा एसक्यूएल सर्व्हरचा डेटाबेस या तिघांपैकी कुणाकडेही ठेवलात, तरी तो एका रात्रीत दुसरीकडे हलवता येतो. २०२४च्या सुरुवातीला गूगलने, आणि त्यापाठोपाठ मार्चमध्ये अ‍ॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्टने, कायमचं सोडून जाणाऱ्या ग्राहकाला डेटा बाहेर नेण्याचं शुल्क माफ करायचं जाहीर केलं. आधी कळवून मंजुरी घ्यावी लागते, एवढंच. परत फिरणं अवघड होतं ते दुसऱ्या गोष्टींमुळे: लायसन्स, खात्याची मालकी आणि तुमच्या ईआरपीची घडण. तिन्ही कोटेशनांत यांपैकी एकाचाही उल्लेख नसेल, तर ती कोटेशनं अजून तुलना करण्याजोगी झालेलीच नाहीत.

‘पुण्यात आहे म्हणून फास्ट’ हे आधी तपासू. अ‍ॅझ्युअरचं सेंट्रल इंडिया हे केंद्र खरंच पुण्यात आहे. अ‍ॅमेझॉन २०१६ पासून मुंबईत आणि २०२२ पासून हैदराबादेतही आहे. गूगल २०१७ पासून मुंबईत आणि २०२१ पासून दिल्लीत. पण काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईला जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर धरले तरी दीड मिलिसेकंद होतात. त्यावर जो जास्तीचा वेळ लागतो तो तुमच्या इंटरनेटवाल्याच्या वाटेत. त्याची लाइन आधी मुंबईला जाऊन मग पुण्याच्या डेटा सेंटरला येत असेल, तर पुण्यात असण्याचा फायदा तिथेच संपला. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून ट्रेसर्ट (tracert) कमांड चालवून पुण्याची आणि मुंबईची, दोन्ही वाटा बघून घ्या. पाच-सात मिलिसेकंदांचा फरक निघाला तर त्यावरून कंपनी ठरवू नका.

वेगाचा खरा धोका दुसरीकडे आहे आणि ईआरपीवाल्यांनी तो तुम्हाला सांगायला हवा होता. तुमचं ईआरपी प्रत्येक टेबलावरच्या कॉम्प्युटरवर इन्स्टॉल केलेलं असून थेट डेटाबेसशी बोलतं का, हे आजच विचारा. अशा प्रोग्रॅमची एखादी स्क्रीन उघडताना तीनशे वेगवेगळ्या क्वेरी (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) जाणं नवलाचं नाही. ऑफिसच्या केबलवर एका क्वेरीला अर्धा मिलिसेकंद जाण्या-येण्याचा धरला, तर तीनशे मिळून ०.१५ सेकंद. कुणाच्या लक्षातही येत नाही. तेच डेटाबेस क्लाउडवर गेला आणि जाणं-येणं ८ मिलिसेकंदांचं झालं, की त्याच स्क्रीनला २.४ सेकंद. स्टोअरमधला माणूस दिवसातून दोनशे वेळा ती स्क्रीन उघडतो. मग ‘क्लाउड स्लो आहे’ म्हणून मशिन मोठं केलं जातं, बिल दुप्पट होतं आणि स्क्रीन तेवढीच हळू राहते, कारण वेळ मशिनमध्ये जातच नव्हता.

यावर दोन उपाय आहेत. ईआरपीची ब्राउझरवर चालणारी आवृत्ती असेल तर ती घ्या. नसेल तर प्रोग्रॅमही डेटाबेसच्या शेजारी क्लाउडमध्येच ठेवायचा आणि लोकांनी रिमोट डेस्कटॉपवरून, म्हणजे त्या मशिनची स्क्रीन आपल्या कॉम्प्युटरवर आणून, तो वापरायचा. दुसऱ्या वाटेने गेलात तर खर्चाची दोन कलमं वाढतात: आणखी एक मशिन आणि रिमोट डेस्कटॉपची लायसन्सं. ही लायसन्सं एका वेळच्या १४ जणांवर मोजली जात नाहीत. माणशी घेतलीत तर वापरणाऱ्या ३५ च्या ३५ जणांची घ्यावी लागतात. तुमच्याकडे मायक्रोसॉफ्ट ३६५चा बिझनेस प्रीमियम प्लॅन आधीपासून असेल, तर अ‍ॅझ्युअर व्हर्च्युअल डेस्कटॉपला (त्यांची तयार रिमोट डेस्कटॉप सेवा) ही वेगळी लायसन्सं लागत नाहीत. अ‍ॅझ्युअरच्या बाजूचा हा भक्कम मुद्दा आहे, डेटा सेंटरच्या पत्त्यापेक्षा कितीतरी भक्कम. साधा बिझनेस बेसिक प्लॅन असेल तर मात्र तो लागू नाही.

आता एसक्यूएल सर्व्हर. २०२२पर्यंतच्या आवृत्त्यांत फुकटच्या एक्स्प्रेस एडिशनला डेटाबेसमागे १० जीबीची मर्यादा आहे. तुमचा ३८ जीबी आहे, म्हणजे तुमच्याकडे बहुधा स्टँडर्ड एडिशन असणार. ते लायसन्स कुठल्या कागदावर घेतलंय ते फाइलमधून काढा. सर्व्हरच्या डबड्यावर चिकटवून आलेलं विंडोजचं लायसन्स त्या डबड्याबरोबरच संपतं. ते कुठेही नेता येत नाही. सॉफ्टवेअर अ‍ॅशुरन्स (लायसन्सबरोबर पैसे भरून घ्यायचा मायक्रोसॉफ्टचा करार) चालू असेल तर एसक्यूएल सर्व्हरचं लायसन्स तिघांकडेही नेता येतं; विंडोज सर्व्हरचं मात्र सवलतीने सहसा अ‍ॅझ्युअरवरच. अ‍ॅशुरन्स नसेल तर दोन्ही तासाच्या भाड्याने घ्यावी लागतात. अशा बिलात नुसत्या मशिनपेक्षा एसक्यूएलचं भाडंच जास्त असू शकतं. शिवाय कोअरवर मोजायचं लायसन्स किमान चार कोअरचं घ्यावं लागतं. दोन कोअरचं मशिन घेऊन लायसन्सचे पैसे वाचवण्याचा सल्ला कुणी दिला असेल तर तो चुकीचा आहे.

म्हणून तिघांनाही एकच मागणी लेखी पाठवा. डेटाबेससाठी ४ कोअर, ३२ जीबी रॅमचं मशिन: अ‍ॅमेझॉनकडे आर६आय एक्सलार्ज, अ‍ॅझ्युअरकडे ई४एस व्ही५, गूगलकडे एन२ हायमेम ४. रिमोट डेस्कटॉपसाठी ४ कोअर, १६ जीबीचं दुसरं. डिस्क एसएसडी, आकार जीबीत आणि वेग आयओपीएसमध्ये (सेकंदाला किती रीड-राइट) लिहिलेला. विंडोज आणि एसक्यूएलचं भाडं धरलंय की नाही, ते स्पष्ट. रोजचा बॅकअप आणि तो किती दिवस ठेवणार. ऑफिसपासूनचं व्हीपीएन (इंटरनेटवरची खासगी, कुलूपबंद वाट). बाहेर जाणारा डेटा. तांत्रिक सपोर्ट, कारण फुकटच्या सपोर्टमध्ये अ‍ॅमेझॉन बिलाचे आणि खात्याचे प्रश्न घेतं, ‘डेटाबेस का अडकला’ हा प्रश्न घेत नाही. आणि १८ टक्के जीएसटी वेगळा दाखवून. खातं उघडताना तुमचा जीएसटी नंबर भरायचा राहिला तर जीएसटीचं क्रेडिट अडकतं. हा प्रकार नेहमी होतो आणि मार्चमध्ये लक्षात येतो.

ही मागणी गेली की सगळ्यांत स्वस्त कोटेशन कदाचित स्वस्त राहणार नाही. त्यातलं मशिनचं नाव बघा. अ‍ॅमेझॉनकडे टी, अ‍ॅझ्युअरकडे बी अशा अक्षराने सुरू होत असेल, किंवा गूगलकडे ई२ मायक्रो, स्मॉल, मीडियम असेल, तर ते पूर्ण ताकदीने सतत चालणारं मशिन नाही. टी३ मीडियमचा प्रत्येक कोअर सतत २० टक्केच चालवायचा असतो. रिकाम्या वेळी त्याचे क्रेडिट (जादा वेगाची शिल्लक) साठतात आणि जोर लागला की खर्च होतात. साठा संपल्यावर अ‍ॅमेझॉनचं टी३ आपोआप जादा बिल लावून पळत राहतं, अ‍ॅझ्युअरचं बी मंद होतं. डेमोच्या दिवशी हे कळत नाही. कळतं ते महिनाअखेरीला, पगार आणि जीएसटीचे रिपोर्ट एकदम चालतात तेव्हा.

त्याआधी चालू सर्व्हरचं माप घ्या. विंडोजमधल्या परफॉर्मन्स मॉनिटरवर चौदा दिवस सीपीयू, रॅम आणि डिस्कवरचे सेकंदाचे रीड-राइट नोंदवा, आणि त्या चौदा दिवसांत महिनाअखेर आलीच पाहिजे. वर दिलेलं ३२ जीबीचं माप हा तुमच्या आकड्यांवरून केलेला अंदाज आहे; मोजणीत वेगळं निघालं तर मोजणीचं ऐका.

काकांचं म्हणणं झटकून टाकू नका. ‘दुसऱ्याच्या घरात’ या शंकेत तथ्य आहे, फक्त ते थोडं वेगळ्या जागी आहे. क्लाउडवालेच तुमची ड्रॉइंग्ज चोरतील अशी भीती बाळगायचं कारण नाही. खातं कुणाच्या नावावर उघडलं जातंय, ते बघा. पुष्कळ छोट्या कंपन्यांत मुख्य खातं विक्रेत्याच्या इमेलवर उघडलेलं असतं. पुढे पैशावरून वाद झाला किंवा तो माणूस नोकरी सोडून गेला, की स्वतःच्याच डेटाबेसचा पासवर्ड मागत फिरायची वेळ येते. मुख्य खात्याचा इमेल तुमच्या डोमेनवरचा, कुणा एका माणसाच्या नावाचा नसलेला असावा. दुहेरी पडताळणीचा फोन तुमचा किंवा बाबांचा. पडताळणीचं राखीव उपकरण आणि रिकव्हरी कोड तिजोरीत. विक्रेत्याला वेगळा, मोजक्या अधिकारांचा प्रवेश द्या, जो तुम्ही एका क्लिकमध्ये बंद करू शकाल. विक्रेत्याच्या मोठ्या खात्याखाली तुमचं खातं जोडलं जाणार असेल, तर ‘सोडताना १५ दिवसांत खातं मोकळं करून देऊ’ हे ऑर्डरवर लिहून घ्या.

ड्रॉइंग्जच्या बाबतीत तर काकांचंच बरोबर आहे. २०० एमबीची असेंब्ली ५० एमबीपीएसच्या लाइनवरून उघडायला बत्तीस सेकंद लागतील आणि डिझाइनचा माणूस दुसऱ्याच दिवशी फाइल्स स्वतःच्या डेस्कटॉपवर कॉपी करून ठेवायला लागेल. मग कोणतं रिव्हिजन खरं, हा घोळ सुरू. ती ६०० जीबी ऑफिसातच, दोन डिस्कवर तोच डेटा एकदम लिहिणाऱ्या एका नॅसवर (ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेला फाइलींचा डबा) ठेवा आणि रोज रात्री त्याची प्रत क्लाउडच्या ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (फाइली नुसत्या साठवायची जागा, अ‍ॅमेझॉनकडे तिचं नाव एस३) जाऊ द्या. मुंबईत अ‍ॅमेझॉनच्या एस३चा दर जीबीमागे महिन्याला सुमारे अडीच सेंट आहे, म्हणजे सगळी मिळून १५ डॉलरच्या आसपास. पहिल्यांदा चढवायला ५० एमबीपीएसच्या अपलोडवर सत्तावीस तास लागतात. प्रत्यक्षात दोन दिवस धरा. नॅस जळालाच तर सगळं परत उतरवायला, महिन्याचे पहिले १०० जीबी फुकट धरून, ५५ डॉलरच्या आसपास. विम्याचा हप्ता म्हणून हे महाग नाही.

ईआरपीसाठी नवा सर्व्हर घेण्याचा पर्यायही खरा आहे. तुमचा लोड बहुधा दिवसा ठरलेला, रात्री अगदी थोडा आणि वर्षभर सारखा आहे. अशा कामाला क्लाउड नेहमी स्वस्त पडतं, हे गृहीत धरू नका. पाच वर्षांचा हिशेब शेजारी-शेजारी मांडा: एका बाजूला सर्व्हर, यूपीएसच्या बॅटऱ्या, लायसन्स, वार्षिक देखभाल करार आणि बाहेरचा बॅकअप, दुसऱ्या बाजूला साठ महिन्यांची बिलं. त्यात एक ओळ आणखी घाला: सर्व्हर बंद पडला तर आपण किती तास थांबू शकतो? दोन दिवस चालत असतील तर सर्व्हरच घ्या, मनात किंतू न ठेवता. दोन तासही चालत नसतील तर क्लाउडचे जास्तीचे पैसे तुम्ही त्या फरकासाठी देताय, हे बाबांना आकड्यात दाखवता येईल. कंपनी कायद्याखाली नोंदलेली असेल, तर २०२२च्या दुरुस्तीनुसार इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणं बंधनकारक आहे. म्हणजे सर्व्हर घरात ठेवलात तरी बॅकअपसाठी भारतातल्या केंद्रावरची जागा घेतलेली बरी.

‘क्लाउडवर गेलं की बॅकअपची चिंता नाही’ असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण कोटेशनमध्ये बॅकअपची ओळ नसेल तर विक्रेत्याने ते गृहीत धरलंय. नुसत्या व्हर्च्युअल मशिनचा बॅकअप, तुम्ही चालू केल्याशिवाय, होईल असं धरून चालू नका. एसक्यूएलचा पूर्ण बॅकअप रोज रात्री, लॉगचा (प्रत्येक बदलाच्या नोंदीचा) दर पंधरा मिनिटांनी. डेटाबेस ‘फुल रिकव्हरी’ या सेटिंगवर ठेवून लॉगचा बॅकअप विसरलात, तर लॉगची फाइल फुगत जाते आणि एक दिवस डिस्क भरून ईआरपी थांबतं. एक प्रत अशा जागी ठेवा जिथे ठरलेल्या मुदतीपर्यंत कुणालाच, अगदी मुख्य खात्यालाही, पुसता येणार नाही. तिघांकडेही ही कुलूपबंद ठेवण्याची सोय आहे आणि रॅन्समवेअर (डेटा अडकवून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर तीच प्रत कामाला येते. मग दर तीन महिन्यांनी तो बॅकअप वेगळ्या मशिनवर चढवून मागच्या महिन्याचं सेल्स रजिस्टर काढा. बेरीज भरलेल्या रिटर्नशी जुळली, तरच तो बॅकअप आहे असं समजा.

आतेभावाचा आग्रह अ‍ॅमेझॉन बंद पडत नाही या समजुतीवर असेल, तर त्याला सांगा की बंद पडण्याच्या बातम्यांवरून निवड होत नाही. २०२५मध्येच १२ जूनला गूगल, २० ऑक्टोबरला अ‍ॅमेझॉन आणि २९ ऑक्टोबरला अ‍ॅझ्युअर, तिघांनाही मोठे झटके बसले. ९९.९ टक्क्यांची हमी म्हणजे महिन्याला ४४ मिनिटं बंद राहण्याची मुभा, आणि त्याहून जास्त गेलं तर भरपाई बिलातल्या सवलतीची मिळते, अडकलेल्या ट्रकची नाही.

तर माझा कल. तुमचं सगळं मायक्रोसॉफ्टच्या मांडणीवर आहे, ईआरपीवाले अ‍ॅझ्युअर म्हणताहेत. अ‍ॅशुरन्स किंवा बिझनेस प्रीमियम यांपैकी एक जरी तुमच्याकडे असेल तर अ‍ॅझ्युअर घ्या. दोन्ही नसेल तर ईआरपीवाल्यांनी हेच ईआरपी ज्या क्लाउडवर दोन ग्राहकांकडे किमान वर्षभर चालवलंय तिथे जा, आणि त्या दोन ग्राहकांना स्वतः फोन करा. दराच्या फरकापेक्षा त्यांचा अनुभव जास्त मोलाचा आहे. तुमच्या या कामात गूगलला मला वेगळा फायदा दिसत नाही. तुमचं काम पुढे डेटा विश्लेषणाकडे वळलं तर तेव्हा पुन्हा विचार करा. एक किंवा तीन वर्षांच्या बांधिलकीची सवलत पहिले तीन महिने घेऊ नका, मशिनचं माप तोवर पक्कं झालेलं नसतं. रात्री मशिन बंद ठेवायचं असेल तर ती सवलत घ्यायचीच नाही, कारण तिचे पैसे बंद मशिनलाही लागतात. अ‍ॅझ्युअरवर विंडोजच्या स्टार्ट मेनूतून शटडाउन केलं तर भाडं चालूच राहतं. पोर्टलवरून थांबवून ‘डीअ‍ॅलोकेटेड’ दिसायला हवं. बजेटचा अलर्ट पहिल्याच दिवशी लावा, पण तो फक्त इमेल पाठवतो, खर्च थांबवत नाही.

हलवायचा मुहूर्त तुमच्याकडे आयता आहे: गुरुवारची एमआयडीसीची सुट्टी. मात्र त्या दिवशी महावितरणचं देखभालीचं शटडाउन आहे का, ते आधी बघा. आदल्या रविवारी पूर्ण बॅकअप नव्या मशिनवर चढवून ठेवा. बुधवारी रात्री आठला ईआरपी बंद करून फक्त मधल्या फरकाचा बॅकअप चढवायचा. लॉगिन आणि रात्री आपोआप चालणारे जॉब डेटाबेसच्या बॅकअपमध्ये येत नाहीत, ते वेगळे न्यावे लागतात. कोलेशन (अक्षरांचा क्रम आणि तुलना ठरवणारी डेटाबेसची सेटिंग) जुन्या सर्व्हरसारखंच ठेवा. आणि घड्याळ बघा: क्लाउडवरचं नवं मशिन बहुधा जागतिक वेळेवर येतं, आपल्या साडेपाच तास मागे. ते तसंच राहिलं तर तिसऱ्या पाळीत पहाटे दोनला निघालेल्या मालाच्या चलानावर आदल्या दिवसाची तारीख पडते. तारखेची अमेरिकन पद्धत राहिली तर ५ एप्रिलचं ४ मे होतं. ३३८९ (रिमोट डेस्कटॉपचा) आणि १४३३ (एसक्यूएल सर्व्हरचा) हे पोर्ट, म्हणजे मशिनची नेटवर्कवरची दारं, इंटरनेटला उघडे ठेवायचे नाहीत, सगळं व्हीपीएनमधूनच. जुना सर्व्हर नेटवर्कची केबल काढून महिनाभर तसाच ठेवा.

या सगळ्याच्या आधी, ऑर्डर देण्यापूर्वीच, एक चाचणी करा. विक्रेत्याकडून दोन दिवसांसाठी एक मशिन उघडून घ्या, गेटजवळच्या डिस्पॅच टेबलावरून रिमोट डेस्कटॉपने ईआरपी उघडा आणि तिथल्या डॉट मॅट्रिक्सवर तीन प्रतींचं एक चलान छापा. रिमोटवरून प्रिंट चित्रासारखं जातं, त्यामुळे ओळी अर्ध्या रेषेने सरकतात आणि एका पानाला मिनिट लागू शकतं. तसं झालं तर ईआरपीवाल्यांना साध्या टेक्स्ट मोडमधून छापायची सोय करून द्यायला सांगा. बारकोडचा प्रिंटर आणि वजनकाटाही त्याच दुपारी जोडून बघा.